०.३५ मोठं की ०.४? : दशांश अपूर्णांक शिकवताना

पाटीपेन्सिल :

दशांश अपूर्णांकांचा धडा सुरू झाला की पहिले काही तास फार छान जातात. चौकटीचे दहा भाग करा, एक रंगवा, ०.१ लिहा. सगळ्यांना येतं. मग फळ्यावर ०.३५ आणि ०.४ लिहून मोठी संख्या कोणती असं विचारलं की वर्गाचा मोठा भाग ०.३५ म्हणतो. कारण विचारा, उत्तर तयार असतं: पस्तीस चारापेक्षा मोठे.

ही चूक प्रत्येक शिक्षकाला पाठ आहे. मला बोलायचंय ते दुसऱ्या चुकीबद्दल, जी लपून राहते. त्याच वर्गात काही मुलं ०.४ असं बरोबर उत्तर देतात आणि आपण शाबासकी देऊन पुढे जातो. त्यांना लगेच ०.४ आणि ०.४५ ही जोडी देऊन बघा. त्यातली काही पुन्हा ०.४ च म्हणतील! त्यांचा विचार असा असतो: दशांश मोठे, शतांश बारीक; ज्या संख्येत शतांश आले ती बारीक. किंवा असा: एक चतुर्थांश हा एक पस्तीसांशापेक्षा मोठा, तसंच ०.४ हे ०.३५ पेक्षा मोठं. व्यवहारी अपूर्णांकांचा छेद उचलून त्यांनी थेट टिंबाच्या उजवीकडे बसवलेला असतो.

म्हणजे काही मुलं 'लांब ती मोठी' म्हणणारी आणि काही 'आखूड ती मोठी' म्हणणारी. नेहमीच्या चाचणीत दोघांचीही बरीच उत्तरं बरोबर येतात, काही चुकतात, आणि दोघांच्या वहीत एकच शेरा पडतो, 'आणखी सराव हवा'. सराव कशाचा? दोघांची चूक एकमेकींच्या अगदी उलट दिशेची आहे. एकाला समजावलेलं दुसऱ्याला आणखी बिघडवू शकतं. 'अरे, दशांश मोठा असतो, शतांश लहान' हे वाक्य लांबवाल्यांना उपयोगी आहे आणि आखूडवाल्यांना घातक.

म्हणून जोड्या निवडून द्याव्यात असं माझं मत झालंय. ०.३५ आणि ०.४. लगेच त्यामागे ०.४ आणि ०.४५. मग ३.०८ आणि ३.७ (लांबवाल्यांतले काही इथे सुटतात, कारण टिंबाला लागून शून्य आलं की संख्या लहान एवढं त्यांनी ऐकलेलं असतं). मग २.५ आणि २.५०. आणि शेवटी शून्य आणि ०.६. ही शेवटची जोडी बघून मोठी माणसं हसतात, पण देऊन बघा.

विचारायचंय ते हे. पहिल्या दिवशी हातात साधन कोणतं द्यावं? आधी व्यवहारी अपूर्णांक की आधी दशांश? आणि 'शेवटी शून्य जोडून अंक सारखे करा' ही युक्ती कधी सांगावी?


उगाचच :

पालक म्हणून विचारतो, शिक्षक नाही. इतकं अवघड का करताय? शून्य जोडायचं. ०.४ चं ०.४० केलं की चाळीस आणि पस्तीस, विषय संपला. आम्ही असंच शिकलो, काही बिघडलं नाही. तुमची ती 'आखूड ती मोठी' वाली मुलंही यात आपोआप सरळ होतील की.


पाटीपेन्सिल :

उगाचच, होतील. तुलनेच्या प्रश्नापुरती.

युक्ती खोटी नाही, पण ती मुलाला दशांश संख्यांपासून बाहेर काढून पुन्हा पूर्ण संख्यांत नेऊन सोडते. चाळीस आणि पस्तीस यांची तुलना तो पहिलीपासून करतोय. उत्तर बरोबर आलं आणि ०.४ म्हणजे केवढं हे न बघताच आलं. त्याच मुलाला तोंडी विचारा, ०.३ अधिक ०.१२ किती? ०.१५ म्हणेल. किंवा दशांशा-दशांशानं मोजत जायला सांगा: ०.७, ०.८, ०.९ आणि पुढे? '०.१०, ०.११'. लेकीला आज हे दोन प्रश्न विचारा आणि काय येतं ते इथे लिहा.

चार दशांश म्हणजेच चाळीस शतांश, हे त्यानं पट्टीवर बघितलं असेल तर त्यानंतर शून्य जोडायला माझी काहीच हरकत नाही. तेव्हा ती युक्ती राहत नाही, ते त्याला माहीत असलेलं काहीतरी असतं.


तिसरा_बाक :

माझं मत संख्यारेषेला. आणि चौकटीला नाही, हे मुद्दाम लिहितो.

शंभर घरांच्या चौकटीत ०.३५ रंगवायला सांगितलं की मूल पस्तीस घरं मोजतं. पुन्हा पूर्ण संख्या! ०.४ रंगवताना चार उभ्या पट्ट्या. दोन वेगवेगळी कामं, दोन्ही बरोबर, आणि दोघांचा संबंध मुलाच्या डोक्यात येईलच असं नाही. रेषेवर मात्र ०.४ ला एक जागा आहे आणि ०.३५ ला दुसरी. एक डावीकडे, एक उजवीकडे. वाद संपतो.

मी ० ते १ अशी फळाभर रेषा काढतो. दहा भाग. मग ०.३ आणि ०.४ यांच्यामधला तुकडा भिंगाखाली धरल्यासारखा खाली पुन्हा फळाभर मोठा काढतो. त्याचे दहा भाग. ०.३१, ०.३२... पुन्हा त्यातला एक तुकडा मोठा. तिसऱ्या रेषेपर्यंत पोचलो की कोणीतरी विचारतंच, 'सर, हे कधी संपणार?' हा प्रश्न मुलांकडूनच आला पाहिजे. आपण सांगायचा नाही.

त्यानंतर एकच खेळ: ०.३ आणि ०.४ च्या मधली संख्या सांगा. आता ०.३ आणि त्या संख्येच्या मधली सांगा. आता पुन्हा. जो मुलगा 'मध्ये काहीच नाही' म्हणतो त्याचा दशांश अजून पूर्ण संख्येच्या चालीनं चालतोय असं समजावं. पूर्ण संख्यांत ३ च्या पुढची संख्या ४ असते. इथे 'पुढची संख्या' ही गोष्टच शिल्लक राहत नाही, आणि हा धक्का लहान नाही.


भागाकार :

चांगला धागा. यावर बराच अभ्यास झालेला आहे म्हणून थोडं.

पाटीपेन्सिल यांनी केलेले दोन गट बरोबर तसेच संशोधनात आहेत. मेलबर्न विद्यापीठातल्या केय स्टेसी आणि विकी स्टाइनल यांनी अनेक वर्षं त्याच त्याच मुलांना दशांशांच्या जोड्या देऊन त्यांची वाटचाल तपासली. लांब ती मोठी, आखूड ती मोठी, आणि या दोन्हींच्या पोटात आणखी उपप्रकार, कारण एकाच चुकीच्या उत्तरामागे वेगवेगळे विचार असतात. त्यातली खटकणारी गोष्ट अशी की एकदा सगळं बरोबर सोडवणारी काही मुलं पुढच्या चाचणीत पुन्हा जुन्या चुकीवर आलेली दिसली. म्हणजे 'आलं एकदाचं' म्हणून फाइल बंद करता येत नाही. शून्य आणि ०.६ ची जोडी तर शिक्षक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनाही चकवते, हेही त्यांच्याच गटानं दाखवलंय. तेव्हा हसणाऱ्या मोठ्या माणसांनी जरा जपून.

आधी काय, याबद्दल: लॉरेन रेझ्निक, पेर्ला नेशर आणि सहकाऱ्यांचा १९८९ चा अभ्यास आहे. अमेरिका, इस्रायल आणि फ्रान्स या तीन देशांतली मुलं. 'लांब ती मोठी' तिन्हीकडे. पण छेदाच्या गोंधळातून येणारी 'आखूड ती मोठी' ही फ्रान्समध्ये जवळपास नव्हती. तिथे तेव्हा दशांश आधी आणि व्यवहारी अपूर्णांक नंतर शिकवत. ज्या मुलाला छेद भेटलेलाच नाही, तो छेद टिंबापुढे आणून बसवणार कुठून?


उगाचच :

मग उत्तर सरळ आहे ना. आधी दशांश शिकवा.


भागाकार :

इतकं सरळ नाही. दशांश आधी शिकवले तर एक चूक टळते, पण ०.१ म्हणजे 'एका पूर्णाच्या दहा समान भागांपैकी एक' हे सांगायला तरी अपूर्णांकाची कल्पना लागतेच. माझ्या मते लढाई क्रमाची नाही. मुलाला १/१० आणि १/१०० एवढे दोनच अपूर्णांक पक्के माहीत असावेत, आणि दशांश त्यांच्यावर उभे करावेत. १/७ आणि भिन्नछेदी बेरजा नंतर येऊ द्या.


रेघोटी :

मी लहान मुलांच्या शिकवण्या घेते. मला पैशाचं उदाहरण सगळ्यात सोपं वाटतं. मुलांना हिशोब माहीत असतो, टिंबाच्या आधी मोठं चलन, नंतर सुटे. बेरीज-वजाबाकी पटापट येते.


पाटीपेन्सिल :

रेघोटी ताई, येते हे खरं. पण तिथे टिंब म्हणजे दोन वेगळ्या ढिगांमधली भिंत असते. इकडे इतकी नाणी, तिकडे इतकी. दोन्हीकडे पूर्ण संख्याच. सुटे हे मोठ्या चलनाचा शंभरावा भाग आहेत याचा विचार हिशोब करताना कुणीच करत नाही, मोठी माणसंही नाही. शिवाय पैशात टिंबानंतर कायम दोनच अंक. तीन अंक कधी दिसत नाहीत, एक अंक कुणी लिहीत नाही. म्हणजे लांब-आखूडचा प्रश्न पैशात येतच नाही, आणि म्हणून तिथे मूल चुकतच नाही. चुकत नाही याचा अर्थ समजलंय असा आपण काढतो.

बेरजेच्या सरावाला पैसे वापरा. पहिली ओळख त्यांनी करून देऊ नका, एवढंच.


नॉनस्ट्रायकर :

हाच दोष खेळांच्या वेळांत आहे, कुणी लक्षात आणून दिलं नव्हतं! मी वर्गात उसेन बोल्टचे आकडे वापरतो. २००९ मध्ये बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ९.६३. कुठली धाव भारी? मुलं आधी ९.६३ म्हणतात, मग कोणीतरी ओरडतं, 'अरे, कमी वेळ म्हणजे भारी!' मग यान झेलेझ्नीची १९९६ ची भालाफेक, ९८.४८ मीटर, जिथे जास्त म्हणजे भारी. मुलांना मजा येते. पण दोन्हीकडे टिंबानंतर दोनच अंक. म्हणजे ९५८ आणि ९६३ ची तुलना करूनही तेच उत्तर. आता ९.६ आणि ९.५८ अशी काटछाट करून विचारतो.

क्रिकेटचं तर विचारूच नका. १०.४ षटकं म्हणजे दहा पूर्णांक चार दशांश नाही, दहा षटकं आणि चार चेंडू. १०.५ नंतर ११ येतं, १०.६ नाही. धावगती काढताना मुलगा १०.४ नं भागतो आणि टीव्हीवर दिसतं त्याहून वेगळं उत्तर येतं म्हणून टीव्ही चुकला म्हणतो. खरं तर १० आणि ४/६, म्हणजे साधारण १०.६७ नं भागायला हवं.


तिसरा_बाक :

+१. टिंब असूनही दशांश नसतो अशा गोष्टींची यादी करायला सांगितली तर मुलं ती भराभर वाढवतात. '१.३० तास' म्हणजे दीड तास, पण १.३ तास म्हणजे एक तास अठरा मिनिटं. पुस्तकात परिच्छेद २.९ नंतर २.१० येतो. संगणकाच्या भाषांच्या आवृत्त्या तशाच, पायथॉन ३.९ नंतर ३.१० आली. 'लांब ती मोठी' वाल्या मुलांना जगात इतके पुरावे रोज मिळतात की त्यांना दोष देणं अवघड आहे.


चौकटराजा :

मी ठोकळ्यांबद्दल एक तक्रार मांडतो. बऱ्याच शाळांत एककाचे बारके ठोकळे, दहाची कांडी, शंभरची पाटी आणि हजाराचा मोठा घन असा संच असतो. दशांश आले की आपण त्याच मुलांना सांगतो, आजपासून पाटी म्हणजे १, कांडी म्हणजे ०.१, बारका ठोकळा म्हणजे ०.०१. आणि सहस्रांश हवे असतील तर मोठ्या घनाला १ म्हणा, मग पाटी ०.१ झाली. ज्या पाटीला त्यानं दोन वर्षं शंभर म्हटलं तिला तो आता एक म्हणणार, उद्या एक दशांश म्हणणार. मुलं नुसती गप्प बसतात.


भागाकार :

चौकटराजा, मी वर मेलबर्नच्या ज्या गटाबद्दल लिहिलं त्यांनी हेच तपासलं होतं. एका बाजूला हे ठोकळे, दुसऱ्या बाजूला लांबीचं साधन: एक लांब नळी म्हणजे १, तिच्या दहाव्या भागाएवढे तुकडे, त्यांच्या दहाव्या भागाएवढे आणखी छोटे, आणि सहस्रांशासाठी चक्क पातळ वॉशर. लांबीच्या साधनावर मुलं जास्त बोलली, जास्त वाद घातला, आणि साधन कसं वापरायचं हे समजावण्यात कमी वेळ गेला. तुकडे एकाला एक लावून ठेवले की ते तिसऱ्या बाकानं सांगितलेल्या संख्यारेषेसारखेच दिसतात. शिवाय घनात आकारमान बघावं लागतं, ते डोळ्यांना नीट मोजता येत नाही. लांबी लगेच दिसते.


रेघोटी :

नळी कुठून आणू? :)


तिसरा_बाक :

कागदाची पट्टी पुरते. एक मीटरची एक लांब पट्टी, १० सेंटिमीटरचे तुकडे, १ सेंटिमीटरचे तुकडे, आणि मोजपट्टीवरचा मिलिमीटर दाखवायचा. मीटर हेच एक धरायचं आणि ते शेवटपर्यंत बदलायचं नाही. मग ०.४ मीटर म्हणजे चार मोठे तुकडे आणि ०.३५ मीटर म्हणजे तीन मोठे, पाच छोटे. मुलं जमिनीवर एकाखाली एक मांडतात. शून्य कुठे मांडायचं हेही विचारा. ०.६ चे तुकडे मांडलेले असताना 'काहीच मांडलं नाही' हे त्याहून मोठं कसं, याचं उत्तर त्यांना स्वतःच द्यावं लागतं.


उगाचच :

रिपोर्ट. लेकीला विचारलं. ०.३ अधिक ०.१२ = ०.१५, डोळ्याची पापणी न लवता. ०.९ च्या पुढे ०.१०. शून्य जोडायची युक्ती तिला उत्तम येते. मी धागा पुढे वाचतोय.


पाटीपेन्सिल :

कॅल्क्युलेटर असेल तर तिच्या हातात द्या. ० दाबून मग ०.१ मिळवत जायला सांगा, आणि प्रत्येक वेळी बरोबरचं बटण दाबायच्या आधी पुढे काय दिसेल ते मोठ्यानं बोलायला सांगा. ०.९ नंतर ती ०.१० बोलेल आणि पडद्यावर १ दिसेल. तिथे तुम्ही काहीही बोलू नका.


चौकटराजा :

हे आवडलं.

आणखी एक अडचण. मुलं विचारतात, 'डावीकडे एकक, दशक, शतक. मग उजवीकडे एकांश कुठे गेला?' टिंब हा आरसा आहे असं आपण नकळत शिकवतो, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या असायला हव्यात असं त्यांना वाटतं.


पाटीपेन्सिल :

टिंब मध्यावर नाहीच. मध्यावर एककाचं घर आहे. एककाच्या डावीकडे दशक, उजवीकडे दशांश. त्याच्या पलीकडे शतक आणि शतांश. टिंबाचं काम एवढंच की एककाचं घर कुठलं ते दाखवायचं. तक्त्यात एककाचा रकाना वेगळ्या रंगानं रंगवा आणि टिंब त्याच्या उजव्या कडेला चिकटवा. मग हा प्रश्न बहुधा येत नाही.

वाचण्याबद्दल थोडक्यात, कारण त्यावर वेगळा धागा होईल: 'शून्य पॉइंट पस्तीस' म्हणायची सवय सुरुवातीला टाळा. 'पस्तीस' ऐकू आलं की लांबवाले खूश होतात. 'तीन दशांश, पाच शतांश' म्हणा किंवा 'शून्य दशांश चिन्ह तीन पाच'.


भागाकार :

टिंबाशिवायही हे लिहिता येतं. १५८५ मध्ये सायमन स्टेव्हिन या फ्लेमिश गणितज्ञानं दशांश अपूर्णांकांवर एक छोटी पुस्तिका काढली. सर्वेक्षक, व्यापारी वगैरे रोज हिशोब करणाऱ्या लोकांसाठी. त्यात टिंब नव्हतंच. तो प्रत्येक अंकापुढे वर्तुळात त्याचं स्थान लिही: एककापुढे वर्तुळात ०, दशांशापुढे वर्तुळात १, शतांशापुढे वर्तुळात २. त्याच्याही आधी समरकंदच्या अल-काशीनं पंधराव्या शतकात दशांश अपूर्णांक पद्धतशीर वापरले होते. युरोपातले बरेच देश आजही टिंबाऐवजी स्वल्पविराम देतात. म्हणजे चिन्ह काहीही चालतं, स्थान कळलं पाहिजे.

वर्गात हे वापरून बघण्यासारखं आहे. काही दिवस मुलांना ३.२५ स्टेव्हिनसारखं लिहू द्या. ०.४ आणि ०.३५ ची तुलना करताना वर्तुळातल्या १ च्या शेजारी ४ आणि ३ दिसतात, आणि वर्तुळातला २ हा नंतरचा विषय आहे हे कागदावरच दिसतं. लिहायला किचकट आहे म्हणून मुलं स्वतःच टिंब मागतात.


नॉनस्ट्रायकर :

दहानं गुणण्याचं काय करता? मी आजवर 'टिंब एक घर उजवीकडे' असंच सांगत आलोय. सोपं आहे.


चौकटराजा :

मी 'अंक डावीकडे सरकतात' म्हणतो. टिंब जिथल्या तिथे. २.५ चे दोन एकक दहापट झाले की दोन दशक होतात, म्हणून २ हा दशकाच्या घरात गेला. पाच दशांशांचे पाच एकक झाले. रकान्यांच्या तक्त्यावर अंकांची पट्टी सरकवून दाखवता येतं. टिंब सरकवलं तर काहीच घडलं नाही, फक्त टिंब हललं.


तिसरा_बाक :

दोन्ही चालतील, पण आधीच्या इयत्तेत 'दहानं गुणताना शेवटी शून्य द्या' शिकवलेलं असतं, त्याची काहीतरी सोय लावा. मुलं २.५ × १० = २.५० लिहितात आणि नियमाप्रमाणे बरोबर लिहिलंय म्हणून भांडतात. त्यांचं भांडण रास्त आहे.


रेघोटी :

गुणाकारात माझी अडचण वेगळी. ०.३ × ०.४ = ०.१२ हे मुलं टिंबानंतरची स्थळं मोजून बरोबर काढतात, पण 'गुणल्यावर कमी कसं झालं?' हे विचारतात. मी 'नियमच तसा आहे' म्हणून मोकळी होते.


तिसरा_बाक :

इथे मात्र चौकट! मी वर चौकटीच्या विरोधात लिहिलंय, पण या कामाला तिच्यासारखी दुसरी गोष्ट नाही. शंभर घरांची चौकट म्हणजे १. एका बाजूनं ०.३ एवढी रुंदी, दुसऱ्या बाजूनं ०.४ एवढी उंची. तो आयत रंगवा. बारा घरं, शंभरातली. ०.१२. आणि आयत ०.४ उंचीच्या पट्टीच्या आतच मावतोय, म्हणजे 'चार दशांशाचा तीन दशांश भाग' घेतलाय, पूर्ण घेतलेलाच नाही, मग तो ०.४ पेक्षा कमीच असणार. भागाकारात उलट: ६ ÷ ०.५ म्हणजे ६ मध्ये अर्धे किती वेळा मावतात? बारा वेळा.

आणि स्थळं मोजायच्या आधी अंदाज. मी फळ्यावर ४.८ × ०.५२ लिहितो आणि अंक देऊन टाकतो: २४९६. आकडेमोड करायची नाही, फक्त टिंब कुठे ते सांगा. ४.८ म्हणजे जवळपास पाच, ०.५२ म्हणजे जवळपास अर्धा, पाचाचा अर्धा अडीच. २.४९६. ज्याला हे जमलं त्याला स्थळं मोजायचा नियम लक्षात राहिला नाही तरी चालेल.


नॉनस्ट्रायकर :

एक खेळ देतो, माझा नाही, बऱ्याच ठिकाणी चालतो. प्रत्येक मुलानं वहीत एक रिकामं घर, टिंब, पुढे तीन रिकामी घरं आणि बाजूला एक 'कचऱ्याचं' घर काढायचं. ० ते ९ च्या चिठ्ठ्या एकेक काढायच्या. अंक निघाला की लगेच कुठल्यातरी घरात लिहायचा, नंतर बदलायचा नाही. सगळ्यात मोठी संख्या ज्याची तो जिंकला. पहिला अंक ६ निघाला की वर्गात जी शांतता पसरते ती बघण्यासारखी असते: एककात टाकू की ९ ची वाट बघू? कोणत्या घराला किती वजन आहे हे मुलं आपणहून बोलू लागतात. दुसऱ्या फेरीत 'सगळ्यात लहान जिंकेल' करा. तिसऱ्या फेरीत 'पाचाच्या सगळ्यात जवळची'. ही तिसरी फेरी अवघड आहे, मोठ्यांनाही.


उगाचच :

खेळलो. हरलो. तिनं पहिलाच निघालेला शून्य कचऱ्यात टाकला आणि मी 'राहू दे' म्हणून शेवटच्या घरात ठेवला, तेव्हा म्हणाली, 'बाबा, तिथेही बरोबर आहे, पण कचऱ्याचं घर तुम्हाला पुढे लागेल.' नंतर मला १ निघाला आणि जागा राहिली होती ती फक्त दशांशाची आणि कचऱ्याची. जाऊ दे.

आता तिचा एक प्रश्न, मला उत्तर येत नाही. ३.९७ एका दशांश स्थळापर्यंत जवळच्या किमतीत लिहायला होतं. तिनं ४ लिहिलं. उत्तरात ४.० आहे. ती म्हणते, शेवटचं शून्य काढलं तरी संख्या तीच राहते असं तुम्हीच सांगितलंत ना?


भागाकार :

बरोबर सांगितलंत, आणि तिचा प्रश्नही बरोबर आहे. रेषेवर ४ आणि ४.० ची जागा एकच. पण एका स्थळापर्यंत लिहा म्हटलं की त्या शून्याला वेगळं काम मिळतं: 'दशांशापर्यंत बघितलं, तिथे काही उरलं नाही' हे ते सांगतं. नुसतं ४ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल की खरी संख्या ३.५ पासून ४.५ पर्यंत कुठेही असू शकते. ४.० लिहिलं तर ३.९५ ते ४.०५ च्या मध्येच. या दोन्ही जागा तिला रेषेवर रंगवायला सांगा.


पाटीपेन्सिल :

आणि तिचे गुण कापले असतील तर ते कापणाऱ्यांना जाऊन विचारा, कापायच्या आधी तिला कारण विचारलं होतं का.